शाळेत आगीची रंगीत तालीम कशी घ्यावी

तालीम पावसाळ्यातही घ्या. गोव्यातल्या चिऱ्यांच्या, कौलारू शाळांत जूननंतर अंगणाला शेवाळ धरतं आणि मुलं नेमकी तिथंच घसरतात. आदल्या दिवशी खराट्याने घासून काढा.

घंटा रोजच्यापेक्षा वेगळी हवी: सलग, न थांबता. वीज गेली की बेल मुकी, म्हणून पितळी घंटा हाताशी असू द्या. दप्तरं जागेवरच, चपला शोधत बसायचं नाही. बाई हजेरीपट घेऊन सगळ्यांत शेवटी निघतात, दार ओढतात, पण कडी घालत नाहीत. मैदानात नुसती डोकी मोजू नका, नावं घ्या. मोजणीत शेजारच्या वर्गातलं पोर खपून जातं आणि शौचालयात राहिलेलं कळतच नाही.

घोळ होतो तो मागच्या दाराशी. तिथे मोडके बाक रचलेले, किल्ली हेडमास्तरांच्या खणात! माध्यान्ह आहाराची गाडी फाटकात उभी असतानाही एकदा तालीम घेऊन पाहा.

अग्निशामकाचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा. पिन ओढा, नळी ज्वाळांवर नव्हे, आगीच्या बुडाशी धरा. खऱ्या आगीत 101 किंवा 112 लावा. तालमीत फोनचं फक्त नाटक.