युरोपात एकटं फिरताना मधले 4 दिवस मोकळे पडले तर ते कसे भरायचे

निघायला 10 दिवस राहिले होते आणि झुरिकच्या मैत्रिणीचा मेसेज आला, तिला ऑफिसच्या कामासाठी अचानक बाहेर जावं लागतंय, म्हणजे तिच्याकडे राहायचे म्हणून ठेवलेले माझे 4 दिवस एकदम रिकामे झाले. रोम आणि फ्लोरेन्स आधी ठरलेलं होतं, परतीचं विमान मिलानहून होतं, आणि मधे हे भलंमोठं भगदाड. बडोद्याला दांडिया बाजारातल्या घरी संध्याकाळी चहाला सगळे जमले तेव्हा प्रत्येकाकडे उपाय तयार होता, आत्या म्हणाली अगं एवढी लांब जातेच आहेस तर पॅरिस बघून घे, भावाने तिथल्या तिथे अ‍ॅमस्टरडॅमच्या विमानाचे रेट काढून दाखवले, आणि बाबा म्हणाले सरळ तिकीट बदल आणि लवकर ये. मी यातलं काहीच केलं नाही. इटलीतल्याच बोलोन्या नावाच्या शहरात 4 रात्री राहिले आणि आज कोणी विचारलं की युरोपात काय आवडलं तर रोमच्या आधी मी त्या दिवसांबद्दल बोलते. एकट्याने जाणाऱ्या कोणावरही ही वेळ येऊ शकते म्हणून मी कसं कसं ठरवलं ते सांगते.

सगळ्यात आधी दिवस नीट मोजा. आपण म्हणतो 4 दिवस आहेत, पण एका शहरातून चेक-आउट करून दुसरीकडे पोचून बॅग टेकवेपर्यंत दुपार होते आणि शेवटचा दिवस निघण्यातच जातो, म्हणजे 4 रात्रींमधे हातात खरे 3 दिवस येतात. त्यात पॅरिस घातलं की 2 विमानं, 4 वेळा एअरपोर्टची ये-जा, आणि एकटं असलं की बॅग सांभाळायला सुद्धा दुसरं कोणी नाही, टॉयलेटला जायचं तरी बॅग घेऊन जायची. हा हिशोब कागदावर मांडला आणि पॅरिस तिथेच गळलं.

मग पासपोर्ट काढा आणि व्हिसाचा स्टिकर शब्द न शब्द वाचा. आपण बहुतेक जण फक्त तारखा बघतो, पण तिथे किती दिवस राहायची परवानगी आहे तो आकडा वेगळा लिहिलेला असतो, आणि पोचण्याचा व निघण्याचा असे दोन्ही दिवस त्यात धरले जातात. दुसरं म्हणजे एन्ट्री. सिंगल एन्ट्री असेल तर शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपातल्या देशांच्या गटाच्या, बाहेर पाऊल टाकलं की परत आत येता येत नाही, त्यामुळे क्रोएशियापर्यंत जायला हरकत नाही, तो देश 2023 पासून शेंगेनमधे आहे, पण तिथून एका दिवसासाठी शेजारच्या बॉस्नियातला मोस्टारचा पूल बघून येऊ म्हणाल तर फसाल. लंडन आणि डब्लिन तर नाहीच, ब्रिटन आणि आयर्लंड दोघांचे व्हिसा वेगळे. शिवाय नियम असा आहे की जिथे सगळ्यात जास्त राहायचं असेल त्या देशाकडे व्हिसा मागायचा, माझा व्हिसा इटलीचा होता म्हणून मोकळे दिवसही इटलीतच घालवणं सगळ्यात सरळ होतं, कोणी विचारलं तरी उत्तर तयार. ट्रॅव्हल इन्शुरन्सच्या तारखा पण एकदा बघून घ्या, आणि नवीन बुकिंगची प्रिंट जुन्या फाइलमधे लावा.

आता नकाशा. तुम्ही जिथून निघणार ते स्टेशन आणि जिथे शेवटी पोचायचंय ते स्टेशन यांच्यामधे रेल्वेची लाइन बघा, आणि त्या लाइनवरचं असं एक गाव निवडा जिथून चारी दिशांना गाड्या जातात. आपल्याकडे जसं आणंद आहे ना, इकडे खंभात, तिकडे डाकोर, सरळ गेलं की अहमदाबाद, तसं. बोलोन्या अगदी तसं आहे, फ्लोरेन्सहून फास्ट गाडीने पाऊण तासाच्या आत येतं, मिलान पुढे सव्वा तासाच्या आसपास, आणि लोकल गाडीने मोदेना, फेरारा, पार्मा, रवेना सगळं तासा-दीड तासात. ऑस्ट्रियात असाल तर व्हिएन्नात राहून हेच करता येतं, ब्रातिस्लाव्हा तासाभरावर दुसऱ्या देशाची राजधानी, मेल्कचा मठही तासाभरावर आणि तिथून उन्हाळ्यात डॅन्यूबमधून क्रेम्सपर्यंत बोट. म्युनिकमधे असाल तर बायर्न-तिकीट घ्या, वर्किंग डेला सकाळी 9 नंतर बव्हेरियातल्या सगळ्या रिजनल गाड्यांना दिवसभर चालतं आणि सीमेपलीकडच्या साल्झबुर्गपर्यंत नेतं, फक्त आयसीई सारख्या फास्ट गाड्यांत त्याने बसू नका. लक्झेंबर्गमधे तर 2020 पासून बस, ट्रॅम, ट्रेन सगळंच फुकट आहे. मुद्दा एवढाच की राहायची खोली एकच ठेवायची, मोठी बॅग तिथे पडू द्यायची आणि रोज सकाळी खांद्यावर छोटी पिशवी टाकून बाहेर पडायचं, एकट्या माणसाला यात फार सुटसुटीत वाटतं, आणि तिसऱ्या दिवशी खालच्या कॅफेवाल्याला आपली कॉफी सांगावी लागत नाही, तो हसून कप पुढे सरकवतो. कॉफी तिथे काउंटरपाशी उभं राहूनच प्यायची, बसलं की बऱ्याच ठिकाणी दर वाढतो.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या दिवसांत काय बघायचं हे इंटरनेटवरच्या टॉप टेनमधून ठरवू नका, तुम्हाला आधीपासून ज्याची ओढ आहे असं काहीतरी धरा. कोणाला गाड्या आवडतात, कोणाला चीज, कोणाला जुनी वाद्यं. माझ्या डोक्यात लहानपणापासून लक्ष्मी विलास पॅलेसच्या दरबार हॉलची फरशी बसलेली आहे. शाळेची सहल गेली होती, बाकीच्या मुली वर काचा आणि झुंबरं बघत होत्या आणि मी खाली बघत होते, बारीक बारीक तुकडे बसवून केलेली ती व्हेनिसच्या पद्धतीची मोझेक फरशी, आणि बाईंनी सांगितलं होतं की सयाजीरावांनी असं काम करणारे लोक थेट इटलीहून आणवले. बडोद्याच्या माणसाला हे नवीन नाही, पॅलेसमधले पुतळे सुद्धा फेलिची या इटालियन शिल्पकाराचे आहेत. तर मी ठरवलं, मोझेक बघायचं. आणि मोझेक म्हटलं की रवेना.

रवेनाबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण आपल्याकडून जाणाऱ्या टूरमधे हे गाव जवळपास कधीच नसतं. इसवी सन 402 मधे पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानी इथे आली, नंतर गॉथ टोळ्यांचे राजे आले, मग बायझंटाइन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याचे लोक आले, आणि या सगळ्यांनी बांधलेल्या 8 वास्तू 1996 पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. बोलोन्याहून रिजनल गाडी सव्वा तासाच्या आसपास घेते, स्टेशनवरून पायी सगळं होतं. एक कंबाइन तिकीट मिळतं, त्यात सान विताले चर्च, गाल्ला प्लाचिदिया या रोमन राणीची समाधी, निओनियानो बाप्तिस्त्री (बाप्तिस्मा द्यायची वास्तू) वगैरे येतं, पण गाल्ला प्लाचिदिया आणि ती बाप्तिस्त्री यांना वेळेचा स्लॉट घ्यावा लागतो, तेव्हा आदल्या रात्री ऑनलाइन बघून ठेवा.

गाल्ला प्लाचिदियाची वास्तू बाहेरून अगदी साधी आहे, विटांची, आपल्या वाड्यातल्या मागच्या कोठीएवढीच वाटते. वाकून आत गेलं की आधी काहीच दिसत नाही. खिडक्यांना काच नाही, अलाबास्टर दगडाच्या पातळ चिपा लावल्यात, त्यातून मधासारखा उजेड येतो. मग डोळे सरावतात आणि वरची कमान हळूहळू निळी व्हायला लागते, गडद निळी, आणि त्या निळ्यावर सोनेरी चांदण्या. एक एक तुकडा नखापेक्षा लहान. आत फक्त काही मिनिटं थांबू देतात, म्हणून मी फोन पर्समधेच ठेवला, तुम्ही पण ठेवा, अंधारात फोटो काही धड येत नाही आणि ती मिनिटं त्यात जातात. बाजूच्या सान वितालेत, जे 547 मधे पूर्ण झालं, एका भिंतीवर सम्राट जस्टिनियन आणि समोर राणी थिओडोरा आपापल्या लवाजम्यासह उभे आहेत. इथे एक करून बघा, एका जागी उभं राहू नका, दोन पावलं इकडे दोन पावलं तिकडे सरका, सोन्याचे तुकडे मुद्दाम थोडे तिरके बसवलेत त्यामुळे आपण हललो की भिंतीवरची चमक हलते. मला एकदम दिवाळीच्या रात्री जरीच्या साडीवर पडणारा पणतीचा उजेड आठवला. एकटी होते म्हणून अर्धा तास नुसती मागे-पुढे चालत राहिले, बरोबर कोणी असतं तर घाई झाली असती. वेळ उरला तर 5 किलोमीटरवर क्लासे नावाच्या गावातलं सांत'आपोलिनारे चर्च बघा, तिथे हिरव्यागार कुरणात मेंढ्यांची रांग आहे, तिकीट वेगळं.

कुठला दिवस कुठे ठेवायचा हेही बघावं लागतं. युरोपात वाराला फार महत्त्व आहे. इटलीतली बरीच सरकारी म्युझियम्स सोमवारी बंद, पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद, जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी किराण्याची दुकानंसुद्धा बंद, फक्त मोठ्या स्टेशनातली उघडी. उलट इटलीत महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी म्युझियम्सना तिकीट नसतं, माद्रिदच्या प्रादोत रोज शेवटचे 2 तास फुकट. म्हणून आधी वार लिहा, मग त्यापुढे जागा. मी सोमवार रवेनाला दिला, मंगळवार फेरारासाठी, तिथे तटबंदीवरून भाड्याच्या सायकलने फेरी मारतात, मला सायकल धड येत नाही म्हणून मी चालले, तेही छान.

तिसरा दिवस मी कोराच ठेवला आणि तुम्हीही एक दिवस असाच ठेवा. पाय दुखतात, कपडे धुवायचे असतात, पाऊस येतो. बोलोन्याला पावसाची काळजी नाही कारण अख्खं गावच ओसरीत आहे, घरांच्या खालून कमानींची ओसरी पुढच्या घराच्या ओसरीला जोडलेली, अशी सगळी मिळून 62 किलोमीटर, आणि 2021 मधे तीही युनेस्कोत गेली. त्यातली सगळ्यात लांब ओसरी गावाबाहेर टेकडीवरच्या सान लुका देवळापर्यंत चढत जाते, 666 कमानी. त्या दिवशी सकाळी लॉन्ड्रीत कपडे टाकले, दुपारी पाऊस लागला, आणि मी त्या कमानींखालून अजिबात न भिजता वर गेले. वाटेत गावातल्या बायका रोजच्या चालण्याला आलेल्या, एकीने मला हातानेच खूण केली, दम खा, बस. बसले तिच्या शेजारी.

गाडीचं थोडं. इटलीत रिजनल गाडीचं तिकीट आधी काढलं काय न् आयत्या वेळी काढलं काय भाडं तेच, म्हणून घाई करू नका, सकाळी हवा बघून ठरवा. पण कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमधे घालून शिक्का मारायचा, विसरलात तर दंड, आणि मोबाईलवरचं असेल तर चेक-इनचं बटण दाबायचं. फास्ट गाड्यांचं मात्र जितकं आधी तितकं स्वस्त. बोलोन्याच्या स्टेशनवर फलाटाच्या आकड्यापुढचा शब्दही वाचा, नुसता 1 वेगळा आणि 1 ओव्हेस्त वेगळा, मी चुकीच्या 1 वर उभी राहिले आणि फेराराची गाडी समोरून गेली. शोपेरो हा शब्दही लक्षात ठेवा, म्हणजे संप. पण वर्किंग डेला सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 ठरलेल्या रिजनल गाड्या संपातही चालवाव्या लागतात.

शाकाहारी असाल तर बोलोन्यात विचारून खा. तोर्तेलिनीच्या पोटात मांस असतं, तोर्तेलोनी मागा, त्यात रिकोता चीज आणि पालक असतो. रवेनाकडची पियादिना दिसायला आपल्या भाकरीसारखी पण पिठात पारंपरिकपणे डुकराची चरबी घालतात, "सेन्झा स्त्रुत्तो" म्हटलं की ऑलिव्ह तेलातली देतात. पार्मेसान चीजमधे वासराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवायला घालतात ते) असतं, घरच्या कडक मंडळींना हे आधी सांगा. आणि बडोद्याहून ठेपले, लीलो चिवडो, भाकरवडी खुशाल न्या, पण पेढे नकोत, बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला युरोपियन युनियनमधे बंदी आहे. आमच्या आत्याने बांधून दिलेले पेढे मी अहमदाबाद एअरपोर्टवर भावाच्या हातात परत दिले.

घरच्यांना रोज एकच मेसेज ठरवून टाका. उन्हाळ्यात इटली आपल्या साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार, म्हणून मी संध्याकाळी 6 ला खोलीवर आले की लिहायची, तेव्हा इथे साडेनऊ, आई-बाबा जेवून बसलेले. 112 हा नंबर सगळ्या युरोपियन युनियनमधे चालतो, तो कागदावर लिहून पर्समधे ठेवा. खोली फ्री कॅन्सलेशनवाली घ्या, स्टेशनपासून चालत 15 मिनिटांत असेल तर सगळ्यात बरं, आणि शहराचा टॅक्स बहुतेक ठिकाणी वेगळा द्यावा लागतो.

शेवटची रात्र मात्र मिलानलाच काढा. मालपेन्सा एअरपोर्ट शहरापासून लांब आहे, मिलानो चेंत्राले स्टेशनहून गाडीने पाऊण-एक तास, आणि सकाळच्या विमानाला बोलोन्याहून धावत जाण्यात जीव टांगणीला लागतो. मी चौथ्या दिवशी सकाळी खालच्या कॅफेत शेवटची कॉफी घेतली, दुपारच्या गाडीने मिलानला गेले, आणि जाताना बॅगेत रवेनातल्या छोट्या दुकानातून घेतलेला एक निळा काचेचा तुकडा होता, रुमालात गुंडाळलेला, तो आता आमच्या देवघराच्या कोनाड्यात आहे.