कॉम्प्युटरवरचे व्हिडिओ टीव्हीवर कसे पाहावेत

सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे एचडीएमआय केबल. नाशिकमध्ये एमजी रोडवर ती सहज मिळते. लांबी आधी घरीच मोजा, पाच मीटरपर्यंत साधी केबल पुरते. लॅपटॉपला फक्त टाइप-सी पोर्ट असेल तर ते चित्र बाहेर देतं का, हे कन्व्हर्टर घेण्याआधी तपासा. काही पोर्ट नुसती चार्जिंग आणि डेटापुरती असतात.

केबल जोडून टीव्हीवर तोच एचडीएमआय नंबर निवडा, मग विंडोज आणि पी दाबून 'डुप्लिकेट' करा. चित्र आलं पण आवाज लॅपटॉपमधूनच येतोय? घड्याळाजवळच्या स्पीकरच्या चिन्हातून आउटपुट म्हणून टीव्ही निवडा. कडा कापल्या जात असतील तर टीव्हीचं पिक्चर साइझ 'स्क्रीन फिट' किंवा 'जस्ट स्कॅन' करा.

केबल नको असेल तर विंडोज आणि के दाबून यादीतून टीव्ही निवडा. पण गंगापूर रोड, इंदिरानगरच्या दाट सोसायट्यांत वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडवर शेजारपाजारच्या राउटरांची गर्दी असते आणि चित्र अडखळतं. दोन्ही उपकरणं ५ गिगाहर्ट्झवर घ्या. भिंती मध्ये आल्या की त्याचा पल्ला मात्र घटतो, म्हणून राउटर टीव्हीच्याच खोलीत उत्तम.

व्हिडिओ पेनड्राइव्हवरून टीव्हीला लावायचा असेल आणि पेनड्राइव्हचा फॉरमॅट फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसतच नाही; एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, टीव्ही ते वाचतो याची खात्री करून. फॉरमॅट करताना आतलं सगळं पुसलं जातं. मराठी सबटायटल चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दाखवत असतील तर ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून यूटीएफ-८ एन्कोडिंगमध्ये सेव्ह करून पाहा, नाव व्हिडिओचंच ठेवा.