बॉल पायथनचं पहिलं घर: खान्देशच्या उन्हात या चुका टाळा

बॉल पायथन या अजगराचं पिल्लू घरी येतं तेव्हा जेमतेम हातभर असतं. आपण मात्र महिनाभर परदेशी व्हिडिओ पाहून हीटिंग मॅट (विजेवर तापणारी चटई), दिवा, सगळं आणून ठेवलेलं असतं. त्या व्हिडिओतलं घर थंड मुलखातलं. आपलं घर जळगाव, भुसावळ नाहीतर धुळ्यात. मे महिन्यात बाहेर ४५ अंश, आणि पत्र्याखालचं तर विचारूच नका. तिकडे ऊब कुठून आणायची हा प्रश्न असतो, इकडे घरातली सगळ्यात गार जागा कोणती हा.

त्याआधी कागद. केळीच्या बागेत निघालेला आपला अजगर पाळता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची एकमध्ये तो आहे आणि शिक्षा किमान तीन वर्षं कैदेची आहे. असा अजगर दिसला तर वनविभागाला १९२६ वर फोन करायचा. बॉल पायथन मूळचा आफ्रिकेतला, पण तोही मोकळा नाही. २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर त्याची नोंदणी लागते. विकणारा "कागद नंतर देतो" म्हणाला तर तिथूनच माघारी फिरा.

आता माझी चूक सांगतो. पहिल्या एप्रिलात सापाचा डबा हॉलमध्ये पश्चिमेच्या खिडकीखाली ठेवला होता. झाकणाला आतून चिकटवलेला गोल काट्याचा थर्मामीटर ३० दाखवायचा, मी निर्धास्त. पिल्लू तीन दिवस पाण्याच्या वाटीत वेटोळं घालून, फक्त नाकपुड्या वर. पाणी आवडतंय म्हणून मी फोटोसुद्धा काढले. चौथ्या दिवशी डिजिटल थर्मामीटरची वायर गार बाजूच्या तळाला टेकवली. आकडा आला ३६.

साप अंगात स्वतःची ऊब तयार करत नाही. गरम बाजूला ३१-३२ आणि गार बाजूला २५-२७ अंश असले, की तो स्वतःच इकडून तिकडे सरकत आपलं जमवून घेतो. दोन्ही टोकं सारखीच तापली तर बिचाऱ्याने जायचं कुठे? म्हणून तापमान दोन्ही टोकांना आणि साप बसतो त्या तळाला मोजायचं. वाटीत ठाण मांडून बसलेला साप दिसला की आधी आकडा बघा. आकडा ठीक असेल तर खवल्यांच्या फटीत, विशेषतः हनुवटीखाली, मोहरीपेक्षा बारीक काळे ठिपके आहेत का ते पाहा. त्या गोचिडीसारख्या माइट असतात.

माझा डबा शेवटी मागच्या धाब्याच्या खोलीत गेला. जाड मातीच्या भिंती, वर मातीचं छत. भर दुपारी तिथे २८-२९. मेमध्ये तेवढ्यावर समाधान मानावं लागतं. मॅटचा प्लग तर होळीनंतर काढूनच टाकला. ज्यांच्याकडे फक्त स्लॅबची खोली आहे त्यांनी खालचा मजला आणि आतली भिंत धरावी. वीज गेली तर बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून गार बाजूला डब्याच्या बाहेरून टेकवावी, आत ठेवू नये. कूलरचा झोतही थेट डब्यावर नको.

मॅट लागते ती डिसेंबर-जानेवारीत, धुळ्याकडे पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा. पण थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरलेल्या तापमानाला मॅट आपोआप बंद करणाऱ्या यंत्राशिवाय, नाही. नुसती मॅट तापत राहिली तर पोट भाजतं, आणि साप त्यावरून उठेलच याचा भरवसा नाही. मॅट तळाच्या एक तृतीयांश भागापुरती, डब्याच्या बाहेरून, आणि थर्मोस्टॅटची वायर डबा आणि मॅटच्या मध्ये.

दुसरा घोळ कोरड्या हवेचा. बॉल पायथनला ५५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. आपल्याकडे उन्हाळ्यात वाळत घातलेलं फडकं दहा मिनिटांत कडक होतं. वरून पूर्ण जाळी असलेली काचेची टाकी इथे ओल धरतच नाही. झाकणाचा प्लास्टिकचा डबा, बाजूला छिद्रं पाडून, बरा. तळाला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पण खत मिसळलेलं नको. देवदाराचा भुसा तर अजिबात नको. कोकोपीट कोपऱ्यांतून ओलं करायचं, वरचा थर कोरडाच राहू द्यायचा. सतत चिखलात राहिला तर पोटाचे खवले लालसर होऊन सडतात, आणि पावसाळ्यात हाच धोका जास्त.

कात अखंड मोज्यासारखी उतरली तर ओल बरोबर आहे. तुकडे पडले, डोळ्यावर जुन्या कातीची चकती राहिली, तर चिमट्याने ओढू नका, डोळा जातो. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं छिद्रांच्या डब्यात घालून सापाला अर्धा तास त्यात ठेवा. चकती तरीही निघाली नाही तर डॉक्टर.

लपायला दोन जागा, एक गरम टोकाला, एक गार. दुकानातली रंगीत गुहा कशाला? फुटक्या माठाचा तुकडा, कडा घासून, पालथा घाला. अंग दोन्हीकडून टेकेल इतका तो तंग हवा. मोठ्या मोकळ्या डब्यात पिल्लू बुजतं आणि जेवण सोडतं.

जेवणाची घाई हीसुद्धा चूकच. आणल्यावर आठवडाभर हात लावू नका, मगच पहिला उंदीर. सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढा, मेलेला, कोमट केलेला. जिवंत उंदीर सापालाच चावतो. खाल्ल्यावर दोन दिवस उचलायचं नाही. एखादं जेवण नाकारलं तर घाबरू नका, तापमान आणि लपायची जागा तपासा. पण तोंडाला फेस, श्वासाची शिट्टी, मान वर करून बसणं दिसलं तर थांबू नका. सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर आधीच शोधून ठेवलेला असावा, आपल्याकडे तो गल्लोगल्ली मिळत नाही.

शेजारच्या मावशी नागपंचमीला वाटी घेऊन येतात, "हाऊ दूध पेस का रे भाऊ?" दूध त्याला पचत नाही. वाटी ठेवून घेतो, धुतो आणि त्यात पाणी भरून गार बाजूला ठेवतो.