जिप्सी इंजेक्शनवर नेताना: आधी थर्मोस्टॅट, मग सेन्सर

कार्ब्युरेटरची १.३ लिटरची जिप्सी किंग इंजेक्शनवर न्यायची ठरली की सगळ्यांचं लक्ष इंजेक्टर आणि पेट्रोल पंपाकडे जातं. मी मात्र थर्मोस्टॅटपासून, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेपासून, सुरुवात करायला सांगेन. गाडी एकदा तापली की आपल्याकडे बरेच मेकॅनिक तो काढूनच टाकतात, आणि कार्ब्युरेटर ते निभावून नेतो. ईसीयूला, म्हणजे इंजेक्शनमध्ये किती पेट्रोल सोडायचं ते ठरवणाऱ्या कॉम्प्युटरला, ते जमत नाही. थर्मोस्टॅटशिवाय पाणी थंडीच्या दिवसांत पुरेसं तापतच नाही. इंजिन अजून गार आहे असं समजून ईसीयू जादा पेट्रोल सोडत राहतो, प्लग काळे पडतात, ॲव्हरेज घसरतं आणि बोल मात्र इंजेक्टरला लागतो. तेव्हा इंजिन पूर्ण गार झाल्यावर थर्मोस्टॅटचं हाउसिंग (तो बसतो ते झाकण) उघडा आणि थर्मोस्टॅट आहे का ते स्वतः बघा. नसेल तर कंपनीने दिलेल्या अंशांचाच नवा आणा.

डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्याचा एका वायरचा जुना सेन्सर काढू नका, त्याचं काम वेगळं आहे. ईसीयूसाठी पाण्याचं तापमान मोजणारा, दोन वायरींचा स्वतंत्र सेन्सर लागतो, आणि त्याची दुसरी वायर बॉडीला नाही, ईसीयूच्या सेन्सर-ग्राउंडलाच गेली पाहिजे. जागा थर्मोस्टॅटच्या इंजिनकडच्या बाजूला हवी. रेडिएटरकडच्या नळीत बसवला तर थर्मोस्टॅट उघडेपर्यंत त्याला गरम पाणी लागतच नाही. आटे आधी मोजा: बॉशचे सेन्सर बहुधा १२ मिमी, दीड पिचचे (दोन आट्यांत दीड मिमी अंतर) असतात. अडॅप्टर लावावाच लागला तर टोक वाहत्या पाण्यात पोचतंय ना ते बघा. तांब्याचा नवा वॉशर हाताशी ठेवा.

बसवण्याआधी सेन्सर मल्टीमीटरला जोडून पाण्यात तपासा. बॉशचा नेहमीचा सेन्सर २० अंशांना सुमारे अडीच हजार ओहम दाखवतो, ८० अंशांना सव्वातीनशेच्या आसपास. उकळत्या पाण्यावर तपासत असाल तर पुण्यात ते ९८ अंशांनाच उकळतं हे धरा. हेच आकडे ईसीयूच्या तक्त्यात भरले आहेत का, हे ट्यूनरला, म्हणजे ईसीयू सेट करणाऱ्याला, स्पष्ट विचारा. दुसऱ्या कंपनीचा तक्ता राहिला तर सेन्सर चांगला असूनही रीडिंग खोटं येतं.

इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान मोजणारा सेन्सर एक्झॉस्टपासून लांब, एअर फिल्टरजवळच्या प्लास्टिकच्या भागात बसवा. आरटीओची परवानगी लागेल का, ते काम सुरू करण्याआधीच विचारून घ्या.

शेवटी कूलंट भरून त्यातली हवा पूर्ण काढा, कारण बुडबुड्यात अडकलेला सेन्सर पाण्याचं नव्हे, हवेचं तापमान सांगतो. गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवा. ईसीयूला जोडलेल्या लॅपटॉपवर पाणी आणि हवा, दोन्हींचे आकडे दोन-तीन अंशांच्या फरकात दिसायला हवेत. उणे ४० सारखं काही दिसलं तर आधी कनेक्टर बघा, तो सुटलेला असतो किंवा वायर तुटलेली असते.