व्रोत्सवाफमधले बुटके शोधायचे असतील तर आधी हे वाचा

पोलंडच्या व्रोत्सवाफ शहरात फुटापेक्षाही छोटे ब्राँझचे बुटके लपलेत, शेकड्यांनी. तिकडे त्यांना क्रास्नाले म्हणतात. सगळे बघायच्या भानगडीत पडू नका, पहिल्या दिवशी मी तेच केलं, नुसती संध्याकाळी पायाची वाट लागली आणि एकही नीट आठवेना.

सुरुवात श्फिद्नित्स्का रस्त्यावरच्या पापा बुटक्यापासून करा. तो बाकीच्यांपेक्षा मोठा आहे, बोटाच्या आकाराच्या शिल्पाच्या टोकावर उभा, आणि २००१ मध्ये बसवलेला. तो तिथे का आहे ते कळलं की बाकीचे नुसते गोंडस राहत नाहीत. कम्युनिस्ट काळात लोक भिंतींवर सरकारविरोधी घोषणा लिहायचे, सरकारी माणसं त्यावर रंग फासायची, मग १९८२ पासून ऑरेंज अल्टरनेटिव्ह या सरकारविरोधी चळवळीतली पोरं त्याच रंगाच्या ठिगळांवर बुटके काढायला लागली, आता बुटका काढला म्हणून पोलीस पकडणार तरी कसे आणि पकडलं तर हसं कोणाचं होणार? पापा बुटका म्हणजे त्या पोरांचीच आठवण.

त्याच रस्त्यावर दोघं एकच गोल दगड समोरासमोरून ढकलतायत, म्हणजे तो हलणारच नाही. २००५ मध्ये तोमाश मोचेक या शिल्पकाराने केलेल्या पहिल्या पाचांमधले हे दोघं.

आता शोधायची खरी ट्रिक. मॅप टुरिस्ट ऑफिसमध्ये मिळतो, घ्या, पण खिशात ठेवा. आधी ती जागा पूर्वी कशाची होती ते विचारा, कारण बरेच बुटके जागेला धरून बसवलेत. स्तारे यात्की ही जुनी खाटीक गल्ली, तिथे खाटीक. युनिव्हर्सिटीजवळ तलवारबाज, जुन्या तुरुंगाशी गजांआड बसलेला कैदी. असा अंदाज बांधून सापडला ना की मजा वेगळीच. आणि फक्त खाली बघत चालू नका, काही जण खिडकीच्या कठड्यावर असतात, एकजण तर दिव्याच्या खांबावर चढलाय. अगदीच नाही सापडला तर चार माणसं कुठे उकिडवी बसलीत ते बघा :)

मेन चौकात, म्हणजे रिनेकला, सकाळी लवकर जा, नंतर प्रत्येक बुटक्यापुढे फोटोची लाईन. फोटो उभ्याने काढलात तर वरून फक्त टोपी येते, मोबाईल उलटा करून कॅमेरा जमिनीला टेकवा. थंडीत लोक त्यांना विणलेल्या टोप्या-मफलर घालतात, ते काढू नका प्लीज.

शेवटी ओद्रा नदीवरच्या प्यास्कोवी पुलाजवळ कपडे धुणारा बुटका ठेवा, आणि तिथे संध्याकाळी पोचा. पूल ओलांडून पुढे ओस्त्रुफ तुमस्की या शहराच्या जुन्या भागात गेलात की काळा झगा घातलेला माणूस गॅसचे दिवे एकेक करून हाताने पेटवत फिरताना दिसतो. रोज. त्याच्या मागे मागे चालत राहायचं, तेव्हा मॅपही लागत नाही.