हद्दीआधी तेल बदलताना: इंजिनरूममध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

काही समुद्रांत जहाजाने कमी गंधकाचंच तेल जाळायचं असतं, म्हणून त्यांच्या हद्दीत शिरण्याआधी तेल बदलावं लागतं. जहाजावरच्या पहिल्या कॉन्ट्रॅक्टला निघण्याआधी एक हिशोब पाठ करा. 1 किलो गंधक जळला की 2 किलो सल्फर डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे 3.50 टक्के गंधकाच्या एक टन तेलातून 70 किलो, 0.50 टक्क्याच्या तेलातून 10 किलो आणि 0.10 टक्क्याच्या गॅस ऑइलमधून (डिझेलसारख्या हलक्या तेलातून) 2 किलो. तेलातल्या गंधकाची जगभरची मर्यादा 1 जानेवारी 2020 पासून 0.50 टक्के आहे. बाल्टिक, उत्तर समुद्र, उत्तर अमेरिकेचा किनारा आणि 1 मे 2025 पासून भूमध्य समुद्र इथे ती 0.10 आहे. बंदराशेजारी राहणाऱ्यांच्या फुप्फुसात जाणारे सल्फेटचे सूक्ष्म कणही यामुळे घटतात. नायट्रोजन ऑक्साइड मात्र फारसे कमी होत नाहीत, कारण ते जळणाच्या तापमानावर ठरतात.

पश्चिमेकडून इंग्लिश चॅनेलमध्ये शिरताना या 0.10 च्या क्षेत्राची हद्द 5 अंश पश्चिम रेखांशावर लागते. ती ओलांडण्याआधीच चेंजओव्हर, म्हणजे तेलबदल, पुरा झालेला हवा, आणि खरी कसोटी इथेच लागते. कमी गंधकाचं जड तेल 100 अंशांवर असेल आणि गॅस ऑइल 40 वर, तर हा फरक मिनिटाला 2 अंशांपेक्षा जास्त वेगाने उतरवू नका. म्हणजे नुसतं तापमान उतरायलाच निदान अर्धा तास. फ्युएल पंपाचा प्लंजर (आत सरकणारा दांडा) आणि बॅरल (त्याभोवतीची नळी) यांच्यातली फट काही मायक्रॉनची असते. बॅरल प्लंजरच्या आधी आकसला की प्लंजर अडकतो, आणि इंजिन नेमकं गर्दीच्या पाण्यात बंद पडतं. म्हणून आधी लोड कमी करा, हीटरची वाफ वेळेवर तोडा. इंजिनच्या तोंडाशी गॅस ऑइलची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) 2 सेंटिस्टोक्सच्या खाली जाऊ देऊ नका. त्याहून पातळ तेल पंपाला वंगण देत नाही आणि सीलमधून गळतं.

रिटर्न लाइनचे, म्हणजे इंजिनातून उरलेलं तेल परत नेणाऱ्या नळीचे, व्हॉल्व्ह हाताने तपासा. 0.08 टक्क्याच्या गॅस ऑइलमध्ये 0.50 चं तेल अवघं 5 टक्के मिसळलं तरी मर्यादा मोडते! दोन तेलं जुळली नाहीत तर गाळ साचतो, फिल्टर तुंबतात. त्यामुळे शक्यतो वेगवेगळ्या बंकरची (वेगवेगळ्या वेळी भरलेल्या साठ्यांची) तेलं एकाच टाकीत ओतू नयेत. गॅस ऑइलवर बराच काळ चालणार असाल तर सिलिंडर ऑइलही (सिलिंडरचं वंगण) कमी बेस नंबरचं, म्हणजे आम्ल मारण्याची ताकद कमी असलेलं, घ्या. नाहीतर पिस्टनच्या माथ्यावर कॅल्शियमचे कडक थर बसतात.

चेंजओव्हर पुरा झाल्याची तारीख, वेळ, जहाजाची जागा आणि प्रत्येक टाकीतलं कमी गंधकाचं तेल लॉगमध्ये त्याच क्षणी लिहा. बंकर डिलिव्हरी नोट (तेल भरल्याची पावती) 3 वर्षं जपायची. त्या तेलाचा सीलबंद नमुना, ते तेल बहुतांशी संपेपर्यंत ठेवायचा, पण 12 महिन्यांच्या आत टाकून द्यायचा नाही.