ऑनलाइन दुकानाचा प्लॅटफॉर्म निवडताय? आधी मालक कोण ते बघा

सांगलीत आमचा मसाल्याचा छोटा धंदा आहे. कांदा-लसूण मसाला, हळद, उन्हाळ्यात थोडी सांडगी मिरची. आधी ओळखीत विकायचो, मग व्हॉट्सअपवर, आणि २०२१ मध्ये वेबसाइट केली. आता कोणीही नवीन सुरू करणारं भेटलं की पहिला प्रश्न एकच असतो, ताई शॉपिफाय (महिन्याचं भाडं भरून मिळणारं तयार ऑनलाइन दुकान) घेऊ की वूकॉमर्स (स्वतःच्या साइटवर स्वतः उभं करायचं दुकान)? मी पण हेच विचारत फिरले होते. तेव्हा मला एकानेही उलट विचारलं नाही की बाई, खातं कोणाच्या नावावर उघडणारेस?

त्यावर येतेच, पण आधी पैशाचं बोलून घेऊ, कारण महिन्याचं भाडं बघून प्लॅटफॉर्म ठरवायची चूक सगळेच करतात. शॉपिफायचं स्वतःचं पेमेंट आपल्याकडे चालत नाही, रेझरपे, कॅशफ्री, पेयू असला गेटवे, म्हणजे गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे घेऊन देणारी कंपनी, जोडावी लागते, आणि असा बाहेरचा गेटवे जोडला की बेसिक प्लॅनवर शॉपिफाय प्रत्येक ऑर्डरमागे २ टक्के वेगळे घेतं. गेटवेचे साधारण २ टक्के, त्या २ टक्क्यांवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ६०० रुपयांच्या ऑर्डरला शॉपिफायचे १२ आणि गेटवेचे १४, मिळून २६ रुपये गेले, भाडं अजून धरलेलंच नाही. मसाल्यात एका पाकिटामागे सुटतात किती, त्यात २६ रुपये म्हणजे लहान रक्कम नाही. कॅश ऑन डिलिव्हरीवर ते शॉपिफायचे २ टक्के लागत नाहीत, पण तिथे खर्च दुसऱ्या बाजूने येतो, माल परत आला की जायचं आणि यायचं दोन्ही भाडं आपल्याच माथी.

वूकॉमर्स फुकट आहे हे खरं, वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर चालतं, पण होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) तुमचं, अपडेट तुमचे, बॅकअप तुमचा, आणि रात्री साइट पडली तर जागायचं पण तुम्हीच. घरात कोणी हे सांभाळणारं असेल तर जरूर घ्या. नसेल तर महिन्याचं भाडं भरून निवांत झोपा, त्यात कमीपणा काही नाही. माझ्यासारखीला जिला दुपारी कांडपावर आणि संध्याकाळी पॅकिंगला बसायचं असतं तिला भाड्याचं दुकानच परवडतं, असं माझं मत झालंय.

आणि अगदी स्पष्ट सांगते, ५० ऑर्डर व्हॉट्सअप बिझनेसच्या कॅटलॉगवर केल्याशिवाय कुठलाच प्लॅटफॉर्म घेऊ नका. वेबसाइट गिऱ्हाईक आणत नाही, आलेलं गिऱ्हाईक सांभाळते. ते महिन्याला लाख कमवा शिकवणारे वेबिनारवाले हे सांगत नाहीत कारण त्यांना कोर्स विकायचा असतो, मी ४,९९९ रुपये भरून एक केलाय, त्यात कुरिअरच्या वजनाच्या स्लॅबबद्दल (किती वजनापर्यंत एक दर, ते टप्पे) अवाक्षर नव्हतं. मला धंदा शिकवला तो मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या व्यापाऱ्याने. वय सत्तरच्या वर, कॉम्प्युटरला कधी हात लावलेला नाही, पण त्यांनी मला समोर बसवून एका पाकिटाचा हिशोब वहीत लिहायला लावला, मिरची, कांडपाची मजुरी, पाउच, डबा, टेप, कुरिअर, सगळं. असा माणूस शोधा.

त्या वहीतूनच कळलं की अर्धा किलोचं पाकीट डब्यात घातलं की ५७०-५८० ग्रॅम होतं, कुरिअरचा स्लॅब ५०० ग्रॅमचा, म्हणजे पैसे १ किलोचे. आम्ही पाकीटच ४०० ग्रॅमचं केलं. शिवाय डब्याचं आकारमान पण मोजतात, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५०००. २५ बाय २० बाय १६ चा डबा म्हणजे १.६ किलो, आत एक किलोच माल असला तरी. म्हणून प्लॅटफॉर्म बघताना वजनावर आणि पिनकोडवर डिलिव्हरीचे दर लावता येतात का, ठरावीक पिनकोडला कॅश ऑन डिलिव्हरी बंद करता येते का, आणि त्यासाठी वेगळं ॲप विकत घ्यावं लागतं का, हे ट्रायलमध्येच स्वतः करून बघा. थीम कितीही सुंदर असू दे, ती नंतर बदलता येते.

आता ती गोष्ट.

आम्ही साइट एका एजन्सीकडून करून घेतली होती. १८ हजारांचं पॅकेज, डोमेन (म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता), डिझाइन, सगळं त्यात. माणसं बोलायला चांगली होती, १० दिवसांत साइट उभी पण केली. मला लॉगिन दिलं, मला ऑर्डर दिसत होत्या, प्रॉडक्ट टाकता येत होतं, किंमत बदलता येत होती, त्यामुळे दुकान माझंच आहे असं मी धरून चालले, आणि कोणीही हेच धरून चाललं असतं. प्रत्यक्षात मी त्या दुकानात स्टाफ होते. मालक म्हणून एजन्सीचा ईमेल होता. डोमेन त्यांच्या खात्यातून, त्यांच्याच नावावर घेतलेलं होतं.

पहिल्या वर्षी काहीच झालं नाही. दुसऱ्या वर्षी आमचं काम बघणारा मुलगा एजन्सी सोडून गेला, डोमेनच्या रिन्यूची सूचना त्यांच्या कुठल्यातरी ईमेलवर येऊन पडून राहिली, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये एका सकाळी साइट उघडेना. एप्रिल म्हणजे आमचा वर्षाचा मुख्य सीझन, ब्याडगी आणि संकेश्वरी मिरचीची पोती घरात येऊन पडलेली, कांडपाला नंबर लावलेला, आणि लोक फोन करतायत की ताई तुमची साइट बंद केली का. मी एजन्सीला फोन लावतेय, ते उचलत नाहीत. डोमेन कंपनीला फोन केला तर त्यांनी शांतपणे सांगितलं की मॅडम, नोंदणी तुमच्या नावावर नाही, आम्ही तुमच्याशी याबद्दल बोलू शकत नाही. बरोबरच होतं त्यांचं. पण त्या दिवशी मी कांडपाच्या गिरणीबाहेर पायरीवर बसून रडले, खोटं कशाला सांगू.

२३ दिवसांनी एजन्सीने डोमेन रिन्यू केलं आणि माझ्या नावावर करायचे ३५ हजार मागितले. मी दिले नाहीत, तो पत्ता सोडला. अजूनही कधी वाटतं द्यायला हवे होते, कारण जे गेलं ते त्याहून जास्त होतं. त्या पत्त्याचा क्यूआर छापलेली ४,००० पाकिटं घरात होती. गूगलवर सांगली कांदा-लसूण मसाला शोधलं की आम्ही वर दिसायचो, ते गेलं. माझ्या लॉगिनला गिऱ्हाइकांची यादी उतरवून घ्यायची परवानगीच नव्हती, मग मी आणि माझ्या मुलीने ऑर्डरचे जुने ईमेल उघडून एकेक नाव आणि नंबर वहीत उतरवले, १,३४० गिऱ्हाईकं, सहा रात्री. पैसे मात्र अडकले नाहीत, कारण पेमेंट गेटवेला पॅन आणि बँक खातं माझं दिलेलं होतं.

म्हणून हे करा, आणि आजच करा, साइट चालू असली तरी. डोमेन स्वतःच्या ईमेलने, स्वतःच्या मोबाइलने, स्वतःच्या कार्डाने घ्या. कोणी म्हणालं आम्ही घेऊन देतो तर नको म्हणा, हजारभर रुपयांची गोष्ट आहे. आधीच दुसऱ्याने घेतलेलं असेल तर संबंध चांगले आहेत तोवर नावावर करून मागा, ट्रान्सफरचा कोड मागा. .कॉम नवीन घेतलं किंवा एका कंपनीतून दुसरीकडे नेलं की ६० दिवस हलवता येत नाही हे लक्षात ठेवा, म्हणजे घाई झाल्यावर हे काम होत नाही. मग दुकानाच्या सेटिंगमध्ये जा आणि बघा मालक म्हणून कोणाचं नाव लिहिलंय, बिलाचं पान तुम्हाला उघडतं का, त्यावर कार्ड कोणाचं आहे, दुकान बंद करायचं बटण तुम्हाला दिसतं का. नसेल दिसत तर तुम्ही मालक नाही, तिथे रोज १०० ऑर्डर भरत असलात तरी. एजन्सी वाईटच असते असं नाही, चांगले लोक पण आहेत, शॉपिफायवर तर त्यांना तुमच्या दुकानात कामापुरता वेगळा प्रवेश देता येतो, मालकी द्यायची गरजच पडत नाही. जो हे ऐकून नाराज होईल त्याला काम देऊ नका.

दर महिन्याच्या १ तारखेला प्रॉडक्ट, गिऱ्हाईक आणि ऑर्डर अशा तिन्ही याद्या सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाइल) उतरवून ठेवा. फोटोंच्या मूळ फाइली वेगळ्या ठेवा, कारण त्या यादीत फोटो नसतो, फोटोची लिंक असते, दुकान बंद झालं की लिंक पण मेली. प्लॅटफॉर्म बदलला तर गिऱ्हाइकाचा पासवर्ड सोबत येत नाही, त्यांना नवा करावा लागतो, आणि पानांचे पत्ते बदलतात, ते जुन्यावरून नव्याकडे वळवता येतात पण डोमेन हातात असेल तरच. बघा, सगळं फिरून तिथेच येतं.

कागदपत्रांचं थोडक्यात, कारण तुम्हाला बहुतेक माहीत असेल. खाण्याची वस्तू असेल तर फसाईचा (एफएसएसएआय, म्हणजे अन्न परवान्याचा) नंबर पाकिटावर आणि साइटवर दोन्हीकडे. महाराष्ट्राबाहेर माल पाठवणार असाल तर उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटी नंबर लागतो, ४० लाखांच्या उलाढालीपर्यंतची सूट तिथे चालत नाही, हस्तकलेच्या वस्तूंना थोडी सवलत आहे तेवढीच. आणि गेटवेची मंजुरी अडली तर आधी संपर्क, रिफंड, डिलिव्हरी आणि प्रायव्हसीची पानं साइटवर आहेत का ते बघा, बहुतेकांचं तिथेच अडतं.

घाबरू नका पण. नवीन दुकान आम्ही त्याच वर्षी जुलैत उभं केलं, पावसात ऑर्डर कमी असतात तेव्हा. मी आणि मुलीने मिळून १२ दिवसांत, भाड्याच्याच प्लॅटफॉर्मवर, साध्या फुकटच्या थीमवर. दिसायला जुन्यापेक्षा साधं आहे. वहीतल्या १,३४० जणांना एकेक करून मेसेज केला, ब्रॉडकास्ट नाही, नाव घालून, आणि दिवाळीपर्यंत त्यातले निम्म्याहून जास्त परत आले. तुमचा माल चांगला असेल तर लोक शोधत येतात, हे मी अनुभवाने सांगते. फक्त त्यांना शोधायला काहीतरी धागा ठेवा.

आमची ती ४,००० पाकिटं टाकून दिली नाहीत, क्यूआरवर नवा स्टिकर लावून वापरली, पण त्याच छपाईची काही पाकिटं आधीच विकली गेलेली. परवा नांदेडहून एका काकूंचा फोन आला, पाकिटावरचं ते चौकोनी काही उघडत नाही, मसाला संपलाय. पाकिटाच्या मागे माझा मोबाइल नंबर छापलेला होता, तो त्यांच्या सुनेने वाचून दाखवला. दोन किलो पाठवला.